रिकाम्या कुपीतला पाय

१

विज्ञान कधीही खोटं बोलत नाही. कोळवण खोऱ्यातल्या 'डोंगरमाथा जैवविविधता केंद्रा'च्या दर्शनी भिंतीवर हे वाक्य हातभर उंचीच्या अक्षरांत रंगवलेलं आहे. रंगाऱ्याने 'कधीही' दोनदा लिहिलं होतं. त्यातलं एक नंतर पांढऱ्या रंगाने झाकलं, पण ऊन तिरपं पडलं की तेही वाचता येतं. इमारत मूळची पुण्याच्या एका दंतवैद्याचं फार्महाऊस. त्याच्या पोहण्याच्या तलावात आता प्लास्टिकचे टब मांडलेत आणि टबांत खेकडे असतात.

नोव्हेंबरातल्या एका सोमवारी केंद्राचे संचालक डॉ. इंद्रजित रणनवरे ग्रंथालयात आले. ग्रंथपाल उषाताई सबनीस खुर्चीतून अर्धवट उठल्या. संचालक याआधी ग्रंथालयात आले होते त्याला दोन वर्षं झाली होती, आणि तेव्हा ते पंखा उसना न्यायला आले होते.

"सबनीसबाई, जात नाहीशी झालीय."

"कुठल्या कपाटातून?"

"पुस्तक नाही हो, खेकडा! आपली नवी जात!"

नवी जात म्हणजे काय हे उषाताईंना ठाऊक होतं. केंद्रात गेलं वर्षभर दुसरा विषयच नव्हता. खेकड्याचा एक पाय काढून घेऊन त्याला सोडून देतात. पाय पुन्हा उगवतो, खेकडा तक्रार करत नाही. त्या पायातून डीएनए काढायचा. डीएनए म्हणजे, या कामापुरता, साडेसहाशे अक्षरांचा एक उतारा. पिढ्यान्‌पिढ्या नकलून घेतलेला. नकलताना चुका होतात. ज्यांच्या चुका सारख्या, त्यांचा पूर्वज एक. चुका मोजायच्या आणि कोण कुणाचा किती जवळचा, याचं झाड काढायचं. उषाताईंनी उमेदवारीची वर्षं पुण्यात जुन्या पोथ्यांच्या संग्रहात काढली होती. तिथेही नेमकं हेच चालायचं, फक्त पोथ्या चावत नसत.

गेल्या वर्षी गौतमी इंगोले या संशोधक मुलीने खोऱ्यातल्या बारा ठिकाणचे पाय तपासले, तेव्हा भैरोबाच्या देवराईतल्या झऱ्यातला खेकडा झाडावर एकटा, वेगळ्याच फांदीवर जाऊन बसला. वीसेक लाख वर्षं कुणाशी संबंध नसलेला. डॉ. रणनवऱ्यांनी लगेच वर्तमानपत्रात फोटो दिला. खेकड्याचा लहान, स्वतःचा मोठा. परदेशी नियतकालिकाने मात्र सांगितलं, पुन्हा एकदा बारा ठिकाणचे ताजे नमुने घ्या, मग बोलू.

"घेतले की सप्टेंबरात," संचालक म्हणाले. "आज निकाल आला. देवराईची कुपी, नंबर एक. आत निघाला डोंगरावरचा साधा खेकडा! भजी करतात तो!"

"मग नवी जात?"

"सापडली." त्यांनी आवाज खाली आणला. "तेराव्या कुपीत."

बारा कुप्यांबरोबर एक कोरी कुपी पाठवायची पद्धत आहे. तिच्यावर आकडा नसतो, नुसती पांढरी चिकटपट्टी. आत नुसतं स्पिरिट. ती साक्षीदार म्हणून सगळीकडे हिंडते आणि तिच्यातून काहीही निघू नये, अशी अपेक्षा असते. काही निघालंच, तर कुणाचा तरी हात स्वच्छ नव्हता.

"गेल्या वर्षीचा उरलेला पाय आपल्या फ्रिजमध्ये आहे," संचालक म्हणाले. "पोरीने तोच वापरून निकाल जमवायचा प्रयत्न केला आणि घोळ घातला. शुक्रवारी समिती बसतेय. फसवणूक ठरली तर तिची नोंदणी रद्द आणि नाव विद्यापीठाकडे. चौकशी तुम्ही करायची."

"मी का?"

"तुमचं सगळ्यांशी सारखंच वाकडं आहे."

हे खरं होतं. उषाताईंनी वही उघडली. "फ्रिजची किल्ली कुणाकडे असते?"

"दोघांकडेच. एक गौतमीकडे." संचालकांनी खिसा चाचपला. "दुसरी माझ्याकडे."

२

गौतमी मूळची वाशीमची. चार वर्षांपूर्वी इथे आली तेव्हा तिला खेकड्याची भीती वाटायची. आता खेकड्यांना तिची वाटत असावी. पूर्वीच्या कपडे बदलायच्या खोलीत तिचं टेबल होतं, आणि टेबलाखाली पट्टा बांधलेला उजवा घोटा.

"पायाला काय झालं?"

"मुरगळला, मॅडम. सप्टेंबरात."

"सप्टेंबरात कधी?"

"नंतर."

"कशाच्या नंतर?"

गौतमीने खिडकीबाहेर पाहिलं. उषाताईंनी नमुन्यांचा तक्ता पुढे सरकवला. बारा ठिकाणं, समोर वेळा, खाली 'नमुने मी स्वतः गोळा केले आहेत' या ओळीवर गौतमीची सही.

"देवराई, सकाळी दहा. दुसरं ठिकाण साडेदहा. तिसरं अकरा. असं करत बारावं, घोटावड्याचा ओढा, दुपारी साडेतीन. बारा ओढे, बारा खेकडे, आणि एकेक बरोबर अर्ध्या तासाने हाती लागला. त्यांना काय टोकन दिलं होतंस?"

मुलगी रडेल असं उषाताईंना वाटलं होतं. ती हसली, आणि मग रडली.

"मी देवराईच्या वाटेवरच घसरले, मॅडम. एकही पाय मी घेतलेला नाही. पौडला दवाखान्यात पडून होते. पण स्वतः गोळा केले असं लिहून दिलं नाही तर फेलोशिप थांबते. ती डिसेंबरात संपतेय. मला दुसरा पावसाळा मिळणार नव्हता."

"मग पाय घेतले कुणी?"

"रंभाबाईंनी. त्यांच्याइतके खेकडे खोऱ्यात कुणाला सापडत नाहीत. मी पेटी हातात दिली, ठिकाणांची यादी वाचून दाखवली आणि म्हटलं, ओळीने भरत जा. तेवढं बोलायलाच जमलं मला, इतका घोटा ठणकत होता."

"पेटी केंद्रात कधी आली?"

"आलीच नाही. थेट हिंजवडीच्या लॅबला गेली. मी ती त्या दिवसानंतर पाहिलेलीसुद्धा नाही."

"नेली कुणी?"

"हैबतरावांनी. त्यांच्याच जीपमधून रंभाबाई बारा ठिकाणी फिरल्या."

उषाताईंचं पेन थांबलं. हैबतराव ढमाले देवराईला लागून असलेला डोंगरउतार प्लॉट पाडून विकत होते. तिथे जगात कुठे नसलेला खेकडा निघाला, तर उतारावर दगड हलवायचीही चोरी झाली असती. आणि त्या खेकड्याचा पाय दिवसभर हैबतरावांच्याच जीपमध्ये होता.

३

रंभाबाईंचं घर वाडीच्या टोकाला. मंगळवारी सकाळी उषाताई पोचल्या तेव्हा अंगणात इंद्रायणी तांदळाची रास होती आणि रंभाबाई लेकीला पाठवायला तांदूळ मापत होत्या. वय साठीचं, हात लोखंडी सळईसारखे.

"बसा बाई. मापताना उठता येत न्हाई मला."

त्यांनी पायली भरली, सुपात ओतली, "लाभ" म्हणाल्या. मग पुढची पोत्यात ओतली. "एक. दोन."

"सप्टेंबरातल्या त्या खेकड्यांबद्दल विचारायचं होतं."

"इचारा की. तीन."

"किती ठिकाणी गेलात?"

"बारा. बारा ठिकानं, बारा तंगड्या. पैली भैरोबाच्या झऱ्यातली, शेवटली घोटावड्याच्या वढ्यातली. चार. पोरगी म्हनली वळीनं भरा, म्या वळीनं भरल्या. पाच." त्यांनी पोत्याचं तोंड आवळलं. "झाल्या पाच पायल्या."

उषाताई मनातल्या मनात बरोबरीने मोजत होत्या. चाळीस वर्षांची सवय. "सहा झाल्या."

"पाच."

"मी मोजल्या ना."

"तुमी मोजल्या. पन भरल्या कुनी?"

यावर पुण्यातही उत्तर नसतं. उषाताईंनी विषय बदलला. "तुम्हाला वाचता येतं, रंभाबाई?"

"आकडं येत्यात. एश्टीची पाटी येती. आनि कुनाच्या मनात काय हाय त्ये येतं." त्यांनी डोळे बारीक केले. "पोरीला काडून टाकनार म्हनं?"

"शुक्रवारी ठरेल."

"तिनं काय बी केलं न्हाई. ती तर वरडत जीपमदी पडली हुती, मंग पौडच्या दवाखान्यात. तंगड्या म्या तोडल्यात, आनि तितं दुसऱ्या कुनाचा हात लागला न्हाई." मग त्यांनी पायली खाली ठेवली. "म्हंजी, एकाचा लागला."

"कुणाचा?"

"हैबतदादाचा. वाटंनं दोनदा पेटी उगडून बसला हुता. म्या म्हनलं, दादा, त्येच्यात काय दडीवलंय व्हय तुमी?"

४

हैबतरावांचं ऑफिस म्हणजे कोळवणच्या रस्त्यालगत ठेवलेला एक पत्र्याचा डबा. बाहेर भलामोठा फलक. उषाताई फलक वाचत उभ्या राहिल्या. त्यावर एक लालभडक, बहुधा समुद्रातला, खेकडा नांग्या उंचावून उभा होता आणि खाली लिहिलं होतं: 'जगातला एकमेव खेकडा तुमचा शेजारी! निसर्गप्रेमींसाठी मोजकेच प्लॉट शिल्लक.'

"आवडला का मॅडम?" हैबतराव बाहेर आले. पांढरा शर्ट, पांढरे बूट, चिखल चुकवायची सवय झालेली चाल. "पेपरात आल्यापासून फोन थांबंना झालाय. मागं मोर लावला हुता. कुत्रं इचारत न्हवतं."

"म्हणजे खेकडा निघाला ते तुम्हाला बरंच झालं."

"बरं? अवो, मी भैरोबाला नारळ फोडला! देवराई तर गावची हाय, तितं मला तसं बी काय करता येत न्हाई. पन तिच्या शेजारची जागा माजी हाय." त्यांचा चेहरा पडला. "आता आयकतोय की खेकडा साधाच निघाला म्हनून. मॅडम, तेवडा बोर्ड उतरवायला लावू नका. लई लाजिरवानं हुईल."

संशयिताचा हेतू डोळ्यांदेखत उलटा झाला होता. उषाताईंनी तरी विचारलं, "पेटी दोनदा का उघडलीत?"

"फोटू काडायला. दाखवायला गिऱ्हाइकाला. पन आत काय दिसतंय? निसत्या तपकिरी बाटल्या. आनि त्यांच्यावं निसतं आकडं. देवराईची कुटली नि नाल्याची कुटली, यादी तर पोरीच्या पर्समदी!"

फोटो अजून मोबाइलमध्ये होता. उषाताईंनी चष्मा वर केला. लाकडी पेटी, एका रांगेत तेरा तपकिरी कुप्या. डावीकडून पहिली पांढऱ्या पट्टीची, बिनआकड्याची. मग एक, दोन, तीन, आणि शेवटी बारा.

"रंभाबाई कुप्या भरताना तुम्ही पाहिलंत?"

"ती पान्यात, म्या जीपमदी. ह्ये बूट बगा की." हैबतरावांनी बूट दाखवले. "आनि येक इचारू? बाटल्या बदलायच्याच असत्या, तर बदलनारानं काय बदललं त्ये त्येला तरी कळाय नको का?"

हा प्रश्न उषाताईंच्या वहीत आधीच होता. हैबतरावांनाही तो सुचला, याचा त्यांना किंचित राग आला. पेटी जिथे जिथे गेली त्यांतलं एकच ठिकाण आता तपासायचं राहिलं होतं, आणि तिथला माणूस तोवर कुणाच्याही यादीत नव्हता.

५

हिंजवडीला जायला बुधवारची अख्खी सकाळ गेली. अंतर फार नाही. पण कंपन्यांच्या कॅब रांगेत उभ्या होत्या, आणि खोऱ्यातल्या खेकड्यांना जितकी घाई तितकीच त्यांना दिसत होती. लॅब सातव्या मजल्यावर. तिथला सौरभ अमरावतीचा, तिशीतला, गळ्यात ओळखपत्र आणि कानात काहीतरी सतत वाजणारं.

"मॅम, आपलं काम एकदम क्लीन असतं," तो म्हणाला. "तेरा ट्यूब आल्या, तेरा प्रोसेस केल्या, रिपोर्ट पाठवला. प्रॉब्लेम काय आहे?"

"कोऱ्या कुपीत डीएनए निघाला. थोडासा कुठून तरी उडाला असेल, असं आमचे साहेब म्हणतात. किंवा कुणी तरी उडवला असेल."

"थोडासा?" सौरभने कानातलं काढलं. "मॅम, त्यात पाय होता."

"काय होतं?"

"पाय. पूर्ण. सांध्यापासून. एकदम फर्स्ट क्लास टिश्यू, सगळ्यात चांगला डेटा तिचाच आलाय."

उषाताईंनी शांतपणे पाणी मागितलं आणि प्यायल्या. "आणि बारा नंबरची?"

"वो तो खाली थी. नुसतं स्पिरिट. मी 'निल' लिहिलंय ना रिपोर्टमध्ये, पान चार."

"सौरभ, कोरी कुपी रिकामी असायला हवी होती. तिच्यात अख्खा पाय आहे आणि भरलेली रिकामी आहे, हे कुणाला कळवावंसं नाही वाटलं?"

"आम्हाला कोणती कोरी ते सांगतच नाहीत, मॅम. म्हणजे आमचा पूर्वग्रह नको म्हणून. सिस्टीम आहे तशी." त्याने खांदे उडवले. "आणि दोन महिन्यांत एक फोन नाही आला कोणाचा. तुम्ही पहिल्याच. कोणी विचारलंच नाही!"

परतताना घोटावड्याच्या फाट्यावर एसटी अर्धा तास थांबली. उषाताईंच्या मांडीवर सौरभने छापून दिलेली अक्षरं होती. प्रकरण सुटण्याऐवजी वाईट झालं होतं. डीएनए चुकून उडू शकतो. अख्खा पाय उडत नाही. तो कुणीतरी हाताने, जाणूनबुजून, झाकण उघडून आत ठेवला होता. शुक्रवारी समितीला एवढंच कळलं, तर गौतमीचं काय होणार हे समितीला दोन मिनिटांत ठरवता आलं असतं.

६

गुरुवारी दुपारी उषाताईंनी ग्रंथालयाच्या दारावर 'मोजदाद चालू' अशी पाटी लावली. ती पाटी पाहिली की आत कुणी येत नाही.

टेबलावर डावीकडे गेल्या वर्षीच्या देवराईच्या खेकड्याची साडेसहाशे अक्षरं, उजवीकडे कोऱ्या कुपीतली. संगणकाने दोन्हींना एकाच फांदीवर बसवून टाकलं होतं आणि सगळ्यांनी त्यावर मान डोलावली होती. उषाताईंनी पट्टी घेतली आणि पोथ्या ताडून पाहतात तसं अक्षरान् अक्षर पाहायला सुरुवात केली. सव्वा तास लागला.

तीन अक्षरं वेगळी होती.

त्यांनी पुन्हा पाहिलं. तीनच. म्हणजे जात एक. पण खेकडा वेगळा. एकाच पोथीच्या दोन नकला असाव्यात तसं. फ्रिजमधला जुना पाय कुपीत घातला असता, तर एकही अक्षर हललं नसतं. हा पाय ताजा होता. या सप्टेंबरात कुणीतरी देवराईतल्या झऱ्यात खरोखर हात घालून खरोखर खेकडा पकडला होता, आणि त्याचा पाय नेमका त्या एका कुपीत ठेवला होता जिच्यात काही ठेवायचं नसतं.

पण का? निकाल जमवायचाच होता, तर पाय एक नंबरच्या कुपीत हवा. लबाडी करणारा माणूस इतका गैरसोयीचा वागत नाही.

मग त्यांनी दोन्ही वर्षांची झाडं शेजारी मांडली. गेल्या वर्षी देवराईचा खेकडा एकटा. दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या ठिकाणचे डोंगरउतारावरचे, एकमेकांचे सख्खे. पाचवा धरणाच्या कडेचा, काळा, कुणाचाच नाही. सहा ते अकरा भातखाचरांतले, एक मोठं कुटुंब. आणि बारावा, घोटावड्याचा, त्यांचा चुलत. या वर्षी डोंगरउतारावरचे सख्खे होते एक, दोन, तीन या कुप्यांत. काळा होता चारमध्ये. खाचरांतलं कुटुंब पाच ते दहा. चुलत अकरामध्ये. बारामध्ये कुणी नाही.

उषाताईंनी चहा मागवला. कोडं सुटल्यावरच त्या चहा मागवत. आधी मागवला की तो गार होतो.

एकही खेकडा हरवला नव्हता. पहिलं बटण चुकलेल्या शर्टासारखी अख्खी रांग एका घराने सरकली होती. खोडसाळपणा करणारा कुप्या उलट्यासुलट्या करतो. घाबरलेला माणूस एखादी बदलतो. इथे मात्र बाराही पाय आपापल्या क्रमाने, शिस्तीत होते. हे काम कुणीतरी अगदी प्रामाणिकपणे केलं होतं.

चहाचा कप ओठांपाशी असतानाच त्यांना मंगळवारच्या पाच पायल्या आठवल्या, ज्या सहा होत्या. कप खाली ठेवून त्यांनी केंद्राच्या जीपची चावी मागितली.

"कुठे जाताय?" संचालकांनी दारातून विचारलं. "उद्या अकराला समिती आहे!"

"तिला एक खुर्ची जास्त लागेल," उषाताई म्हणाल्या.

७

शुक्रवारी समितीत डॉ. रणनवरे होते, विश्वस्त अण्णासाहेब होते, आणि विद्यापीठाचं कुणीतरी यायचं होतं ते आलं नव्हतं. गौतमी कोपऱ्यात. जास्तीच्या खुर्चीवर रंभाबाई, नवं लुगडं नेसून, खुर्चीच्या अगदी कडेला.

उषाताईंनी अक्षरं मांडली, झाडं मांडली, सरकलेली रांग दाखवली. अण्णासाहेबांनी एकदा डोळे उघडून "हं" म्हटलं. संचालक म्हणाले, "ठीक आहे, पण एवढी शिस्तबद्ध चूक करेल कोण?"

"रंभाबाई," उषाताई म्हणाल्या, "तांदूळ मापताना पहिल्या पायलीला आकडा का देत नाही?"

रंभाबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की शहरातल्या माणसाला एवढंही सांगावं लागतं याची कीव यावी. "पैलं माप द्येवाचं. त्याला लाभ म्हनायचं. द्येवाचं कुनी मोजतंय व्हय? मोजनी त्येच्या म्होरं."

"म्हणून सुपात वेगळी ओतलीत. आणि मी म्हणत होते सहा."

"तुमी म्हनत हुता. म्या कुटं आयकलं?"

"आता त्या दिवसाचं सांगा. पहिला पाय कुठला?"

"भैरोबाच्या झऱ्यातला."

"तो कुठल्या बाटलीत घातलात?"

"बिनआकड्याच्या. पैली ती हुती, वळीत सगळ्यात म्होरं, पांढरी पट्टी लावल्याली. पैला खेकडा, त्यो बी भैरोबाच्या रानातला, त्येला आकड्याच्या बाटलीत कसा घालू?" त्या गौतमीकडे वळल्या. "मला तर लई बरं वाटलं हुतं. म्हनलं, इतकी शिकल्याली मान्सं, पन रीत सोडली न्हाई. द्येवाची बाटली आठवनीनं येगळी ठिवली."

गौतमीने तोंडावर हात ठेवला होता.

"आणि शेवटी बारा नंबरची रिकामी राहिली," संचालक म्हणाले, "तेव्हा तुम्हाला काहीच वाटलं नाही?"

"काय वाटायचं? पावनं आलं की पान बी एक जास्तीचंच मांडत्यात. तुमी रिकामी दिली, म्या रिकामी माघारी दिली. फोडली का?"

"कोऱ्या कुपीत काही घालायचं नाही, हे त्यांना कुणी सांगितलं होतं?" उषाताईंनी विचारलं.

"मी नाही सांगितलं," गौतमी म्हणाली. "बारा ठिकाणं, ओळीने भरा, एवढंच म्हणाले."

"आणि त्यांनी ओळीनेच भरल्या. या अख्ख्या प्रकरणात सांगितलेलं काम सांगितल्याप्रमाणे करणारी एकच व्यक्ती आहे. ती इथे संशयित म्हणून बसलीय."

डॉ. रणनवऱ्यांनी घसा साफ केला. "तरीही, बाई, हा तुमचा तर्क झाला. खेकडे काही साक्षीला येणार नाहीत."

"आलेत." उषाताईंनी शेवटचा कागद पुढे केला. "माझं खरं असेल, तर अकरा नंबरची कुपी म्हणजे घोटावड्याचा ओढा. काल संध्याकाळी ती गेल्या वर्षीच्या घोटावड्याशी ताडून पाहिली. एका अक्षराचा फरक. चार नंबर धरणाच्या काळ्याशी ताडला. दोन अक्षरं. बाकीचे नऊही आपापल्या जागी बसतात. एक चुकला असता तर मी गप्प बसले असते, साहेब. एकही चुकत नाही."

अण्णासाहेब आता पूर्ण जागे होते. "एक सांगा," ते म्हणाले. "मग खेकडा नवा आहे की नाही?"

"आहे. दोन वर्षांत दोनदा सापडलाय. आता नियतकालिकालाही नाही म्हणता येणार नाही."

"मग फसवणूक कुणी केली?"

"कुणीच नाही."

अण्णासाहेब जरा निराश झाल्यासारखे वाटले. संचालकांनी कागद उलटसुलट करून पाहिले, आणि फोटोसाठी कुठला शर्ट घालावा असा काहीसा विचार त्यांच्या चेहऱ्यावर उमटला. समितीने ठराव केला: फसवणुकीचा आरोप मागे, खोट्या सहीबद्दल गौतमीला लेखी समज, फेलोशिप मार्चपर्यंत वाढवावी, नमुने गोळा करणाऱ्यांत रंभाबाईंचं नाव घालावं. ठराव टाइप होईपर्यंत रंभाबाईंनी गौतमीचा घोटा दाबून पाहिला.

"कुनी बांदला ह्यो पट्टा? काड. निरगुडीचा पाला लावते म्या."

"मावशी, आधी विचारायला हवं होतं मी तुम्हाला," गौतमी म्हणाली. तिचा आवाज अजून सरळ होत नव्हता. "सोमवारपासून झोप नाही मला."

"मग इचारायचं की. म्या कुटं गावाला गेल्ते?"

गौतमीचा प्रबंध मार्चच्या अखेरीला दाखल झाला. हैबतरावांचा फलक जागेवर राहिला. डॉ. रणनवऱ्यांनी नव्या जातीसाठी सात नावं सुचवली, त्यांतल्या चारांत त्यांचं आडनाव होतं. नियतकालिकाने झाड बिनतक्रार मान्य केलं आणि सोबत एक ओळ कळवली. खेकड्याच्या जातीला नाव देण्यासाठी प्रौढ नर लागतो, आणि दोन्ही वर्षी, गौतमीच्या नोंदीत आणि रंभाबाईंच्या आठवणीत, पाय घेतला होता तो मादीचा.